देवाचे नाव आणि तोंडची सवय

परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ती येते आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते. कॅथलिक आणि लुथरन मोजणीत तिचा क्रमांक दुसरा, यहुदी, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत तिसरा. हातातून कप निसटला, गाडी चुकली, परीक्षेचा निकाल कळला की तोंडातून आपसूक निघणारे ‘ओ माय गॉड’ किंवा ‘जीझस’ या आज्ञेत बसते का, हा प्रश्न श्रद्धाळू ख्रिस्ती घरांत आजही निघतो आणि त्यावरून मुलांना बोलणीही बसतात.

आज्ञेचा मूळ रोख मात्र अशा उद्गारांपेक्षा खोट्या शपथेवर होता. प्राचीन इस्राएलात साक्ष, देवघेव, तह यांना आधार शपथेचाच होता आणि शपथ वाहणे म्हणजे परमेश्वराला साक्षीला बोलावणे. लबाडीच्या कामात त्याला साक्षीदार करणे म्हणजे माणसाला फसवणे आणि त्यासाठी देवाला वापरणे. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ही गोष्ट स्पष्टच सांगितली आहे. यहुदी परंपरेने पुढे सावधगिरी इतकी वाढवली, की परमेश्वराचे चार हिब्रू अक्षरांचे नाव उच्चारणेच थांबले. आजही शास्त्र वाचताना त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असे म्हणतात.

ख्रिस्ती धर्माने हा आदर वारशाने घेतला, पण मौन घेतले नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली पहिली विनवणी देवाच्या नावाच्या पावित्र्यासाठी आहे. आणि तीच प्रार्थना देवाला ‘पिता’ म्हणून मोकळेपणी हाक मारते. नाव जपायचे आणि त्याच नावाने रोज हाकही मारायची, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. उद्गारांचा सगळा प्रश्न तिच्यातूनच उभा राहतो.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लोक ख्रिस्ताच्या जखमांच्या, रक्ताच्या, हाडांच्या शपथा घेत. दारूच्या अड्ड्यावर, फाशांच्या डावात अशा शपथांचा पाऊस पडे. धर्मोपदेशक सांगत, की अशी प्रत्येक शपथ ख्रिस्ताचे शरीर नव्याने फाडते. बकिंगहॅमशायरमधल्या ब्रॉटन गावच्या जुन्या चर्चमध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचे एक भित्तिचित्र आहे. मध्यभागी मेरी, तिच्या मांडीवर ख्रिस्ताचा छिन्नविच्छिन्न देह आणि भोवती ऐटबाज पोशाखातले तरुण, हातांत त्याच देहाचे तुकडे घेतलेले. अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्यालाही हे चित्र समजत असणार. आपल्या तोंडचा शब्द कुठे जाऊन लागतो, हे इतक्या थेटपणे दाखवणारे चित्र क्वचितच सापडेल.

नंतर हे काम कायद्याने हाती घेतले. १६०६ साली इंग्लंडच्या संसदेने रंगभूमीवर देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा किंवा त्रैक्य यांचे नाव थट्टेने किंवा अनादराने घेतल्यास दहा पौंड दंड ठरवला. त्या काळी ही रक्कम मोठी होती. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या दोन छापील प्रती शेजारी ठेवल्या, की परिणाम डोळ्यांना दिसतो. १६२२ च्या प्रतीत खलनायक इयागो तोंड उघडतो तोच ‘स्ब्लड’ म्हणजे ‘देवाच्या रक्ताची शपथ’ असे म्हणत. १६२३ च्या प्रतीत तो शब्द नाही. अशा पन्नासेक शपथा त्या नाटकातून गेल्या. इयागोची दुष्टाई मात्र तसूभरही कमी झाली नाही. बोलीभाषेतही हेच झाले. इंग्रजीत ‘गॉड’चे ‘गॉश’ झाले, ‘जीझस’चे ‘जी’ झाले. फ्रेंच माणसाने ‘दिय’च्या जागी ‘ब्लू’ घालून ‘पारब्लू’ म्हणायला सुरुवात केली. जीभ सोवळी झाली, मन होते तिथेच राहिले. काही कडव्या मंडळींना तर ‘गॉश’सुद्धा चालत नाही, आणि त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही.

बंदीपेक्षा चर्चचा दुसरा मार्ग अधिक फलदायी ठरला. १२७४ च्या लियों येथील धर्मसभेने येशूचे नाव उच्चारताना मस्तक लववण्याची प्रथा घालून दिली. इटलीत सिएनाचे संत बर्नार्डिनो ‘आयएचएस’ ही येशू-नामाची अक्षरे कोरलेली पाटी हातात धरून चौकाचौकांत प्रवचने करीत. पुढे तेच चिन्ह जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने घेतले. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर ते आजही दिसते. १७९७ मध्ये लुईजी फेलिची या जेझुइट धर्मगुरूने शिवीगाळीत होणाऱ्या देवनिंदेची भरपाई म्हणून देवाच्या स्तुतीची एक छोटी माळ रचली. परमप्रसादाच्या आशीर्वादानंतर कॅथलिक चर्चमध्ये ती अजून म्हटली जाते. निंदेला दंड करण्याऐवजी तिच्यासमोर स्तुती ठेवणे, ही समज मोठी आहे.

मार्टिन लूथरने १५२९ च्या आपल्या लघु प्रश्नोत्तरीत या आज्ञेच्या दोन्ही बाजू मांडल्या: त्या नावाने शाप, खोटेपणा, जादूटोणा करू नये, पण संकटात त्याच नावाचा धावा करावा. मराठी वाचकाला ही दुसरी बाजू चटकन पटेल. दळता-कांडता, चालता-बोलता नाम घ्यावे, असे सांगणाऱ्या संतांच्या भूमीत नाव घेणे हा दोष कसा, हेच आधी कोडे वाटते. मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारून उद्धरलेला अजामिळ इथे सर्वांना माहीत आहे. या वातावरणात वाढून १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीही अभंगातच गायिली. गोव्याच्या कोंकणीत तर आभार मानायचे झाले तरी ‘देव बरें करूं’ म्हणतात.

म्हणून दुखण्याने तळमळणाऱ्याच्या ‘अरे देवा’ला नावाचा अपमान म्हणणे अन्यायाचे आहे. येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत फोडलेला टाहोही देवाचेच नाव घेऊन होता. नवी चप्पल पाहून काढलेले ‘ओ माय गॉड’ कोणालाच उद्देशून नसते. त्यात दुष्टावा नाही, पण पोकळपणा आहे, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे नाव असे पोकळ होऊ देऊ नये, हा ख्रिस्ती माणसाचा आग्रह रास्त आहे. तरीही आज्ञेचा खरा भंग दुसरीकडे घडतो. दोन्ही महायुद्धांत जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ असे कोरलेले होते. त्या बकलापुढे घाईत सुटलेला उद्गार फार किरकोळ आहे.

आज्ञेचा मूळ रोख ज्या शपथेवर होता, तिच्याबद्दल डोंगरावरील प्रवचनात येशूने शपथच वाहू नका, होकार-नकार पुरे, असे सांगितले. क्वेकर पंथीयांनी ते अक्षरशः पाळले, न्यायालयात शपथ नाकारून तुरुंगवास सोसला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस शपथेऐवजी प्रतिज्ञेची सवलत इंग्लंडमध्ये मिळवली. भारतातही १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार साक्षीदाराला देवाचे नाव घेऊन शपथ घेता येते किंवा ते न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते.