दिव्यालाही पत्ता असतो!

ऑफिसमधलं एसीवरचं भांडण तुम्हालाही नवीन नसेल. एकीला हुडहुडी भरलीय, दुसरा फाईलने वारा घेतोय आणि मेन्टेनन्सवाला फोनच उचलत नाही! म्हणून अॅमस्टरडॅमला गेले तेव्हा कालवे-ट्युलिप्स नंतर, आधी गाठली ‘द एज’. 2014 साली बांधून झालेली काचेची ऑफिस-बिल्डिंग. पुण्याची एक मैत्रीण तिथे कामाला; तिच्याबरोबरच आत शिरले.

‘‘वर बघ,’’ ती म्हणाली. छतात एलईडी दिवे. इमारतीत असे सुमारे 6000! वीज आणि डेटा, दोन्ही एकाच नेटवर्क केबलमधून. आपल्या कॉम्प्युटरसारखाच दिव्यालाही आयपी अॅड्रेस. सोबत हालचाल, उजेड, तापमान टिपणारे सेन्सर्स. माणसं नाहीत तिथले दिवे मंद, एसीही हळू. म्हणजे वीज वाचली. जिथे वर्दळ झाली तिथेच सफाई. मैत्रिणीने मोबाईल काढला आणि बसल्या जागी आपला उजेड वाढवला. ना भांडण, ना फोन!

मला मात्र वेगळीच शंका. ‘‘मग तू लंचला किती वेळ गेलीस, तेही कळतं?’’

ती हसली. ‘‘दिव्याला कळतं, ‘कुणीतरी’ आहे. ‘कोण’ ते मोबाईलला ठाऊक.’’

तेव्हा तुमच्या ऑफिसात असं काही आलं, तर खुशाल टाळ्या वाजवा. फक्त दोन गोष्टी विचारा. रिमोट माझ्या हातात ना? आणि माझी माहिती कुणाच्या?