सह्याद्रीची धाकटी भावंडं

क्युरपिप, मॉरिशस
रविवार

ती. बाबांस,


मॉरिशस म्हटलं की कोल्हापुरात लोकांच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र, पांढरी वाळू आणि नव्या जोडप्यांचे फोटो येतात. त्या किनाऱ्याकडे पाठ करून बस बेटाच्या मध्याकडे चढू लागली की थोड्याच वेळात हवा गगनबावड्याची होते. क्युरपिप हे गाव साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. ऑगस्टात इथे हिवाळा असतो, त्यामुळे सकाळभर धुकं, भुरभुर पाऊस, भिंतींवर शेवाळ आणि स्वेटर घातलेली माणसं. गावाच्या डोक्यावरच ‘त्रू ओ सेर्फ’ नावाचं ज्वालामुखीचं तोंड आहे. त्याच्या काठानं गोल सडक आहे आणि रंकाळ्यावर फिरावं तसे गावकरी तिथे फेऱ्या मारतात. आतला खड्डा तीनशे मीटरांहून रुंद आहे. उतारावर दाट झाडी आहे आणि तळाशी गाळानं भरलेलं पाणथळ.

हा खड्डा आज शांत आहे, पण त्याची हकीकत सांगायची तर सुरुवात कोल्हापूरपासूनच करावी लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला पृथ्वीच्या पोटातून तप्त खडकाचा झोत वर येत होता. त्याच्यावरून आपला भूखंड जात असताना लाव्ह्याचे पूर आले आणि थरावर थर साचले. दख्खनचं पठार, सह्याद्री, पन्हाळा, ज्योतिबाचा डोंगर, सगळं त्यातलंच. भूखंड उत्तरेला निघून गेला, झोत मागे राहिला. समुद्राचा तळ त्याच्यावरून सरकत राहिला आणि लाव्ह्याच्या डोंगरांची रांगच उठली. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोसच्या प्रवाळांखाली ती रांग आज बुडालेली आहे. पुढे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं आणि सगळ्यांत शेवटी रियुनियन. म्हणजे नात्यानं बघायचं तर हे बेट सह्याद्रीचं धाकटं भावंड, आणि वयातलं अंतर साडेपाच कोटी वर्षांहून जास्त.

एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याच बेटाच्या खडकात तीन अब्ज वर्षांपूर्वीचे झिरकॉनचे कण मिळाले. एक कोटी वर्षांचंही नसलेल्या बेटावर इतके जुने कण आले कुठून? भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले तेव्हा मधेच अडकलेला जुन्या भूखंडाचा तुकडा बेटाखाली बुडालेला आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात.

हेनरिएटा
मंगळवार

ती. बाबांस,

सह्याद्रीत डोंगर आधी चढायचा असतो आणि उतार नंतर. इथे उलटं आहे. हेनरिएटा हे गाव पठाराच्या काठावर आहे. बस उसाच्या फडाशी सोडते, तिथून वाट सरळ घळीत कोसळते आणि दमल्या पायांनी चढायचं ते परतताना. तामारिन नदी या घळीतून टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. धबधब्यांना ‘सेत कास्काद’, म्हणजे सात धबधबे असं नाव आहे. मोजणारे मात्र सातावर थांबत नाहीत, लहानमोठे धरून आकडा वाढवत नेतात. सगळे मिळून पाण्याची उतरण २९३ मीटर आहे.

पहिल्या धबधब्याच्या माथ्यावर उभं राहिलं की घळीतून थेट पश्चिमेचा समुद्र दिसतो. त्यानंतर वाट पेरूच्या रानात शिरते. हा आपला पेरू नव्हे. बोराएवढं लाल फळ, आंबटगोड, लोक टोपल्या भरून नेतात. ब्राझीलकडून आलेल्या या झुडपानं इथलं मूळ रान गिळत आणलं आहे. पण निसरड्या चिखलात त्याच्याच मुळांना धरून उतरावं लागतं. पुढे ओढा ओलांडायचा, कातळाला चिकटून आडवं जायचं आणि मग एकदम काळाशार डोह. पाणी इतकं थंड की पाय घातल्याबरोबर बोलणं बंद होतं. वाटाड्या न घेता उतरू नये असं गावातले लोक बजावतात आणि ते खरं आहे. वर पठारावर पाऊस झाला की घळीत ऊन असतानाही लोंढा येतो. राऊतवाडीच्या किंवा आंबोलीच्या धबधब्यावर पावसाळ्यात गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाणी पायऱ्यांनी का उतरतं, ते कातळाकडे बघितलं की कळतं. लाव्ह्याचा एक पूर येऊन थिजतो. मधल्या काळात त्याचा माथा हवापाण्यानं कुजून लाल मातीचा मऊ थर होतो आणि त्यावर दुसरा पूर येतो. नदी मऊ थर खाते, कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि शेवटी तुटतो. प्रत्येक छज्जा म्हणजे एक धबधबा. गगनबावड्याच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर काळ्या थरांच्या मधे लाल पट्टी दिसते ना, तीच ही.

पण हेनरिएटात पाऊल अडतं ते वरच, उसाच्या फडात. फडाफडांतून काळ्या दगडांचे ढीग आहेत, काही घराएवढे, काही लांबलचक भिंतीसारखे. ते कुणा यंत्रानं रचलेले नाहीत. १८३४ पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळपास पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, हिंदुस्थानातून या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांची नोंद व्हायची तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. मॉरिशसमधे दगड उलटला की खाली सोनं सापडतं, अशी त्यांची समजूत करून दिल्याची कथा इथे घरोघर सांगतात. त्यांनी दगड उलटले, वाहिले, रचले, आणि मोकळ्या झालेल्या मातीत दुसऱ्याचा ऊस लावला. त्यांत मुंबई बंदरातून आलेले मराठी लोक होते, बरेचसे रत्नागिरीकडचे. सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव सोडून, महिनाभराहून जास्त गलबतात काढून ही माणसं जिथे उतरली तिथेही हाताला लागला तो तोच दगड. त्यांना हे कुणी सांगितलं नसणार.

याच हेनरिएटात १८९६ साली भिवाजी घराण्यानं बेटावरचा पहिला गणपती बसवला असं मानतात. आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. मिरवणुकीत झाकडी नाचतात, कोकणातली जाखडीच ती. आडनावं मात्र आपल्यासारखी नाहीत. नोंदवहीत पूर्वजाचं जे नाव लिहिलं गेलं तेच आडनाव होऊन बसलं.

आईला मुद्दाम सांगा: इथल्या स्वयंपाकघरात आपल्यासारखाच पाटा-वरवंटा आहे, काळ्या दगडाचा. पाट्याला ‘रॉस कारी’ म्हणतात आणि वरवंट्याला ‘बाबा’. क्रिओल भाषेत बाबा म्हणजे तान्हं बाळ. बारशाला वरवंटा पाळण्यात घालणाऱ्या आपल्या बायकांना हे नाव ऐकून नवल वाटणार नाही. त्या पाट्यावर वाटलेली चटणी आणि कागदात गुंडाळलेली डाळपुरी एवढ्या शिदोरीवर माणूस दिवसभर चालतो. डाळपुरी म्हणजे गूळ न घातलेली, तव्यावरची मऊ पुरणपोळीच.

शामारेल
शुक्रवार

ती. बाबांस,

काल गंगा तलाव झाला. तोही ज्वालामुखीच्या तोंडात साठलेला. महाशिवरात्रीला बेटभरचे लोक कावडी घेऊन तिथे पायी येतात. १९७२ साली त्यात गंगेचं पाणी ओतलं, तेव्हापासून हे नाव. काठावर ३३ मीटरांचा शंकर उभा आहे.

आज सकाळी ब्लॅक रिव्हरचं शिखर. मॉरिशसचं हे सर्वांत उंच टोक ८२८ मीटर, म्हणजे पन्हाळ्याहूनही बुटकं. वाट बराच वेळ धारेवरून सोपी जाते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उभी होते. तिथे दोर बांधलेले आहेत. चारी बाजूंना राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे, १९९४ साली राखून ठेवलेलं. नशीब असेल तर डोक्यावरून मॉरिशसचा केस्ट्रल ससाणा जातो. १९७४ साली रानात त्याचे फक्त चार पक्षी उरले होते. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, रानात सोडून ही जात वाचवली. पक्षी दिसो न दिसो, ही हकीकत ठाऊक असलेला माणूस शिखरावर मान वर करूनच बसतो.

शामारेलची सात रंगांची माती बघायला मोटारींची रांग लागते. तांबडे, तपकिरी, जांभळे, निळसर उघडे उंचवटे, त्यांवर गवताची काडी नाही. कोल्हापूरकराला त्यात ओळखीचं काहीतरी दिसतं. भरपूर पाऊस आणि ऊब मिळाली की काळा कातळ कुजतो. त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. तांबडा रंग लोहाचा, निळसर-जांभळी छटा ॲल्युमिनियमची. मसाई पठारावरचा जांभा असाच घडला, राधानगरी-चंदगडकडचं बॉक्साइटही. तिथे त्याचा कठीण दगड झाला, इथे माती राहिली, एवढाच फरक. शामारेलला कुंपणाबाहेरून बघून परत फिरायचं असतं. मसाई पठारावरून पन्हाळा ते पावनखिंड चालणारी हजारो पावलं दर जुलैत त्याच नवलावरून जातात आणि कुणी खाली बघत नाही. तिथे एक साधा फलक तरी लागायला हवा, बाबा.

सेंट रोझ, रियुनियन
बुधवार

ती. बाबांस,

तासाभरापेक्षाही कमी वेळात विमान शेजारच्या बेटावर येतं आणि सगळं वाढीव मापाचं होतं. डोंगर तीन हजार मीटरांवर जातात. पाऊसही तसाच. २००७ च्या फेब्रुवारीत इथल्या एका उंच ठिकाणी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पडला. गगनबावड्याचा अर्ध्याहून जास्त पावसाळा, तीन दिवसांत.

आणि इथे तो झोत जिवंत आहे. पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर. उंची सुमारे २,६३० मीटर, जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. पा द बेलकॉम्बच्या कड्यावरून पाचशेच्या वर पायऱ्या उतरल्या की माणूस थिजलेल्या लाव्ह्यावर उभा राहतो. वाट म्हणून काही नाही, खडकावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेले आहेत. धुकं आलं की एका ठिपक्यावरून पुढचा शोधत जायचं. सुरुवातीलाच १७५३ सालच्या उद्रेकातलं लालसर टेकाड लागतं. पुढे लाव्ह्याला दोरखंडासारखे पीळ पडलेले दिसतात. दख्खनच्या जुन्या कातळातही असे पीळ अभ्यासकांना सापडतात, पण तिथे त्यांच्यावरून कोट्यवधी पावसाळे गेलेले आहेत. इथे ते काल कुणी वळून ठेवल्यासारखे कोरे. शिखराच्या विवराचा तळ २००७ च्या एप्रिलमधे तीनशे मीटरांहून जास्त खचला. जमीन धडधडू लागली की खाली उतरायची वाट बंद करतात.

आजचा दिवस पायथ्याच्या किनारी रस्त्यावर गेला. डोंगरावरून समुद्राकडे उतरलेल्या प्रत्येक लाव्ह्याशी त्याचं साल लिहिलेलं आहे. १९७७ चा लाव्हा गावात शिरला, चर्चच्या दारापर्यंत आला आणि भिंतींना वळसा घालून पुढे गेला. तो काळा ढीग अजून तसाच आहे. २००७ च्या लाव्ह्यावर राखाडी रंगाचं दगडफूल पसरलंय, फटींतून बोटभर नेचे वर आलेत. गुडघ्यावर बसून हात लावला तर दगड खरखरीत, हलका, भोकाभोकांचा. आपल्याकडच्या खडकात ही भोकं पांढऱ्या गारगोट्यांनी भरून गेली आहेत. इथे ती अजून रिकामी आहेत.

उद्यानातून दगड उचलून आणता येत नाही. आईला सांगा, माळ्यावरचा पाटा खाली काढून त्याला टाकी लावून ठेवायला. परतल्यावर पहिली चटणी त्याच्यावरच वाटायची आहे.