रफार जागेवर आला!

पेइंग गेस्ट म्हणून कधी राहिलायत? मग शेअर्ड होस्टिंग म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका घरात दहा जणी, गीझर सगळ्यांत मिळून एकच, भाडं परवडणारं आणि मालकीणबाईंचे नियम भिंतीवर चिकटवलेले. खोलीत स्वयंपाक नाही. कपाट एकच, त्यात मावेल तेवढंच सामान. गरम पाणी ठरल्या वेळेपुरतंच. वेबसाइटचंही तस्संच! एका सर्व्हरवर शेकडो साइट्स नांदत असतात. एकीने जास्त पाणी उपसलं की बाकीच्यांच्या आंघोळी थंड पाण्याने. म्हणून नियम.

या नियमांशी माझी गाठ पडली ती एका पीडीएफपायी.

पुण्यात आमच्या भागात एका सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार साक्षरता वर्ग चालतो. घरकाम करणाऱ्या बावीस मावश्या तिथे मराठी लिहा-वाचायला शिकतात. मी रविवारी तासभर शिकवते. आणि मी 'मास कॉम' केलंय म्हणून वर्गाची वेबसाइटही माझ्याच गळ्यात. (मास कॉमचा आणि वेबसाइटचा संबंध काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) यंदा ठरलं, प्रत्येकीला प्रमाणपत्र द्यायचं. साइटवर नावापुढचं बटण दाबलं की पीडीएफ तयार. मोबाइलवर घ्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापा. सिंपल!

"बावीसच तर नावं आहेत, वर्डमध्ये टाइप करून टाक ना," एक मित्र म्हणाला. पण बॅच दर काही महिन्यांनी बदलते, शिकवणाऱ्याही बदलतात आणि प्रत्येकीच्या लॅपटॉपवर फॉन्ट वेगळा. पीडीएफचं तसं नसतं. ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये हा प्रकार बाजारात आणला, तोच मुळी कागद कुठेही उघडला तरी सारखाच दिसावा म्हणून. फाइल आपला फॉन्ट पोटात घेऊन फिरते. झेरॉक्सवाल्याकडे तो असो-नसो, काही बिघडत नाही.

आमची साइट पीएचपीत लिहिलेली. तिच्यासाठी डॉमपीडीएफ नावाचं फुकट कॉम्पोनंट मिळतं. आपण वेबपेज द्यायचं, ते पीडीएफ करून देतं. संध्याकाळी बसवलं, देवनागरी फॉन्ट जोडला, बटण दाबलं. बॉर्डर सुंदर, लोगो जागेवर. आणि मध्यभागी उर्मिलामावशींचं नाव असं : आधी उ, मग पाय मोडका र, मग म, मग म च्या उजवीकडे लोंबकळणारी पहिली वेलांटी आणि शेवटी ला.

गंमत म्हणजे तेच पान ब्राउजरमध्ये एकदम परफेक्ट. असं का? तर कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती आपण उच्चारतो त्या क्रमाने. 'र्मि' मध्ये आधी र, मग हलन्त, मग म, मग वेलांटी. रफार उचलून म च्या डोक्यावर ठेवणं आणि वेलांटी त्याच्या डावीकडे नेणं, ही नंतरची कारागिरी. तिचे काही नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात, काही अक्षरं मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. ब्राउजर ते पाळतो. डॉमपीडीएफ बिचारं रांगेत आलेली अक्षरं एकामागून एक मांडून मोकळं होतं. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपल्याला नाही.

लग्नपत्रिका असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण या बायकांनी कित्येक रविवार फक्त एवढ्यावरच घालवलेत, की रफार कुणाच्या डोक्यावर बसतो आणि वेलांटी कुठल्या बाजूला येते. वर्गात प्रत्येकीने पहिला शब्द गिरवला तो स्वतःच्या नावाचा. छापील कागदावर ते नाव मोडलेलं दिसलं, तर मावशी कागदाला चूक म्हणणार नाहीत. आपण शिकलो तेच चुकीचं, असं म्हणतील.

म्हणजे काहीही करून हे सुटायलाच हवं होतं.

दुसरा मार्ग : सर्व्हरवरच ब्राउजरचं इंजिन ठेवायचं आणि त्याच्याकडून पीडीएफ काढून घ्यायची. पण त्यासाठी पीएचपीमधून दुसरा प्रोग्रॅम चालवावा लागतो. इथे मालकीणबाई आडव्या आल्या. खोलीत स्वयंपाक नाही! "सॉरी मॅडम, शेअर्ड प्लॅनवर ते होणार नाही. व्हीपीएस घ्या." व्हीपीएस म्हणजे स्वतंत्र फ्लॅट. भाडं जास्त आणि नळ गळला तरी आपणच बघायचं. आमच्या वर्गाचा फंड सोसायटीची रद्दी विकून जमतो. विषय संपला.

तिसरा मार्ग एमपीडीएफ. हे संपूर्ण पीएचपीतच लिहिलंय, त्यामुळे बाहेरचा प्रोग्रॅम नको. आणि मुख्य म्हणजे फॉन्टच्या पोटातले नियम ते वाचतं. सोबत येणाऱ्या फ्रीसेरिफ फॉन्टमध्ये देवनागरी आहे. दिसायला साधा, पण जोडाक्षरं नीट. आमच्या प्लॅनवर कमांड लाइन नाही, म्हणून सगळं लॅपटॉपवर जमवलं, झिप केलं, वर चढवलं, सीपॅनेलमध्ये उघडलं. तात्पुरत्या फाइल्ससाठी एक फोल्डर लिहिता येण्याजोगं करून दिलं. बटण दाबलं...

पांढरं पान. अगदी कोरं.

एरर लॉग उघडला, तर आत १३४२१७७२८ बाइट्स संपल्याची तक्रार. म्हणजे १२८ एमबी, आमचं कपाट! ते भरलं कशाने? मैत्रिणीने हौसेने काढून दिलेल्या बॉर्डरने. ए-फोर आकाराचं, ३०० डीपीआयचं, पारदर्शक पीएनजी. डिस्कवर छोटंसं, पण मेमरीत उलगडलं की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे जवळपास ३५ एमबी. त्यात पीडीएफला पारदर्शकता वेगळी काढून द्यावी लागते, म्हणून आणखी कॉप्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तेच चित्र जेपेग केलं आणि कपाटाचं दार लागलं.

उरलं गरम पाणी. एका कामाला तीस सेकंद, पुढे नळ बंद. बावीस प्रमाणपत्रं एकदम काढायला गेलं की मध्येच तुटायचं. मग प्रत्येक नावाला वेगळं बटण ठेवलं. पहिल्या वेळी फॉन्ट वाचायला जरा वेळ लागतो, ती माहिती साठवली गेली की पुढची पटापट येतात.

तुमच्या ऑफिसातही आयडी कार्ड, पगाराची स्लिप, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट अशाच कुठल्याशा बटणातून बाहेर पडत असेल. ते बसवणाऱ्याला एकदा सांगा, की टेस्टिंगला 'राम' आणि 'कमल' घेऊ नकोस. ती नावं कुठेही नीटच छापली जातात. उर्मिला घे, स्मिता घे, कीर्ती घे. तिथे कळतं.

रविवारी प्रमाणपत्रं वाटली. उर्मिलामावशींनी नावाखाली बोट ठेवलं, उ पासून ला पर्यंत सावकाश सरकवलं, मध्ये एकदा रफारापाशी थांबल्या. मग बोट तसंच पुढे नेत वर्गाचं नाव वाचलं, तारीख वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, खाली तुमची सही राहिली की!"