हजेरी

वसईतील मागच्या पिढीला व्यायामशाळेची गरज भासली नाही. केळीच्या वाड्या, पानमळे, विहिरीवरचे रहाट आणि पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या दादरला नेणाऱ्या आमच्या माउल्या. त्यांच्या देहाला विसावा तेवढा रविवारचा. आज कित्येक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि साठीकडे झुकलेली मंडळी गुडघेदुखी व मधुमेह यांच्या धाकाने, सकाळच्या मिस्सानंतर, जिमची वाट धरू लागली आहेत. डॉक्टरांच्या आज्ञेवरून मीही त्यांच्यात सामील झालो. (तेथील संगीताविषयी न बोललेले बरे!)

धाक माणसाला तेथवर आणतो, टिकवत मात्र नाही. साखर उतरली की धाकही उतरतो. वर्षाची वर्गणी भरल्याची जाणीवही फारशी कामास येत नाही. जानेवारीतील अनेक उत्साही चेहरे राखेच्या बुधवारपर्यंत दिसेनासे होतात. आणि खंड महागात पडतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नव्वदीच्या वृद्धांकडून ८ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेण्यात आले. त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक झाले. व्यायाम थांबताच ४ आठवड्यांत त्याला ओहोटी लागली.

मग टिकतात ते कोण? आमच्या जिममध्ये एक निवृत्त शिक्षिका येतात. पती निवर्तल्यावर त्यांनी अंथरूणच धरले होते. पहिल्या शुक्रवारी मी त्यांच्या घरी कम्युनियन नेत असे. लेकीने त्यांना जवळजवळ ओढूनच आणले. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, एवढाच त्यांचा कित्येक दिवसांचा व्यायाम. तरुण प्रशिक्षक वहीत रोजचा आकडा लिहून ठेवी. आता त्या चर्चला पायी येतात. मी विचारले, "बाई, कंटाळा नाही येत?"

"येतो की, फादर. पण दोन दिवस चुकले तर शेजारच्या सायकलवरच्या काकूंचा फोन येतो. घरी कोण वाट पाहतंय माझी?"

हे उत्तर मला अस्वस्थ करते. आपल्या चर्चमधील एखाद्या बाकावरची जागा तीन रविवार रिकामी राहिली, तर शेजारी बसणाऱ्यांपैकी कितीजण चौकशी करतात?

वर्गणी न परवडणाऱ्या आणि आरशांपुढे संकोचणाऱ्या आयाबायांसाठी बाईंनी चर्चच्या सभागृहाची किल्ली मागून घेतली आहे. मंगळवारी व शुक्रवारी सकाळी तेथे ११ खुर्च्या मांडल्या जातात. वजनांऐवजी पाण्याच्या बाटल्या असतात. वही बाईंपाशीच असते. नाव पुकारल्यावर कोणाची 'हजर' आली नाही, तर वर्ग सुटताच दोघीजणी तिच्या घरी जातात.