जवाहरनगरच्या कुंपणाबाहेर



भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की धानाच्या बांध्या सोबत करतात. जानेवारीत आलात तर धान निघालेल्या बांध्यांत लाखोरीची निळी फुले डोलताना दिसतील. पुढे जवाहरनगर लागते. येथील आयुध निर्माणीत आपल्या सैन्याच्या तोफा-बंदुकांना लागणारी स्फोटक दारू तयार होते. कुंपणाच्या आत दारू आणि बाहेर धान, असा हा शेजार आहे. आसपासच्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यावर चालते.

24 जानेवारी 2025 रोजी, शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास येथील एका इमारतीत भीषण स्फोट झाला. छत कोसळले आणि 8 कामगारांचे प्राण गेले. स्फोटाचा आवाज काही किलोमीटरवरच्या गावांत ऐकू गेला.

पुढे कामानिमित्त मी त्या भागात गेलो. बोलणे खताचे चालले होते, पण वळले स्फोटाकडे. एक बाई म्हणाल्या, "आम्ही बांधीत होतो, साहेब. पळाचं त कोणीकडे?" कोणत्या किडीवर कोणते औषध, हे मी तीस वर्षे सांगत आलो. या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर आधीच ठरवून ठेवायचे असते. 1984 साली भोपाळला विषारी वायू सुटला, तेव्हा लोक वाट फुटेल तिकडे पळाले. जे वाऱ्याच्या दिशेने पळाले, त्यांना वायूने गाठले. त्यानंतर 1989 साली धोकादायक कारखान्यांसाठी नियम झाले. कुंपणाच्या आतली योजना कारखान्याने करायची, बाहेरची शासनयंत्रणेने. तारापूरच्या अणुवीज केंद्राभोवतालच्या गावांसाठीही अशी योजना असते. 2005 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आले. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात.

पण योजना कपाटात राहिली तर बांधीतल्या माणसाला तिचा काय उपयोग? म्हणून येत्या ग्रामसभेत सरपंचांना विचारा: आपल्या गावासाठी योजना काय आहे? इशारा कसा मिळेल? जमायचे कुठे? म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि लहान मुले यांना कोण नेईल? नावानिशी यादी करा आणि वर्षातून एकदा शाळेच्या पोरांसह सराव करा.

काही गोष्टी आजच घरात सांगून ठेवा. स्फोट झाला तर बघायला धावू नका. पाठोपाठ दुसरा होऊ शकतो. कच्च्या भिंती आणि खिडक्यांपासून दूर राहा. धूर येत असेल तर नाकाला ओले फडके लावा आणि वाऱ्याला आडवे चालत कारखान्यापासून दूर जा. वेळ असेल तरच जनावरांची दावी सोडा. रस्ता रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवा. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी 1077, हे आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. अनोळखी धातूची वस्तू शेतात सापडली तर हात लावू नका. पोलीस पाटलांना कळवा.

धान उपणताना वारा कोणीकडचा, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. तीच पारख संकटातही कामी येते. पुढच्या खेपेला त्या बाई भेटतील, तेव्हा हेच त्यांना सांगणार आहे. तोवर तुम्ही आपल्या गावाचे उत्तर ठरवून ठेवा.