दुपारी तीन वाजता घरात कोण असतं?

मागच्या वर्षी आम्ही फ्लॅटचं इंटिरियर करायचं ठरवलं. फ्लॅट बावधनला, सातवा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा. घेताना बिल्डरच्या माणसाने "सर, टॉप फ्लोअर आहे, व्ह्यू बघा" म्हणून पश्चिमेची भिंतभर काच कौतुकाने दाखवली होती. डोंगर दिसतो, सूर्यास्त दिसतो. तो सूर्य मावळण्याआधी चार तास त्याच काचेतून आत येऊन बसतो, हे काही तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हा डिसेंबर चालू होता ना!

तर इंटिरियर. बायकोने आणि मी रीतसर एक्सेल शीट केली. फॉल्स सीलिंग, लपवलेले दिवे, टीव्हीच्या मागे गडद पॅनेल, आणखी दोन एसी. खालची बेरीज बघून थोडा वेळ दोघंही गप्प बसलो. मग ऑफिसातल्या एकाने एका आर्किटेक्ट मॅडमचा नंबर दिला. प्रभात रोडला जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचा छोटासा स्टुडिओ आहे, चार-पाच माणसांचा. मी लॅपटॉप उघडून शीट दाखवायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ते नंतर बघू. आधी सांगा, दुपारी तीन वाजता घरात कोण असतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तीनला मी हिंजवडीत, बायको खराडीत, मुलगी शाळेत. घरात असतात फक्त बाबा. वय ७७. आणि त्यांची खोली पश्चिमेचीच.

"मग ही शीट कोणासाठी केलीत?"

खरं उत्तर होतं, शनिवारी संध्याकाळी सातला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पण ते तोंडाने कोण म्हणणार? वर्षानुवर्षं मी क्लायंटला ऐकवत आलोय की आधी युजर कोण ते सांगा, स्क्रीनचा रंग मागाहून ठरवू. आज तेच कोणीतरी मला ऐकवत होतं. :-)

मॅडमनी गृहपाठ दिला. तीन स्वस्तातले डिजिटल थर्मामीटर घ्यायचे, तीन खोल्यांत लावायचे आणि एप्रिलमधले पंधरा दिवस दर तीन तासांनी आकडे लिहायचे. म्हणजे कोडला हात लावायच्या आधी प्रोफायलिंग! हे काम बाबांकडे गेलं. ते बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे वहीत रेघा मारून, तारीखवार, खाडाखोड नसलेलं लेजरच तयार झालं. त्यातला एक नमुना: बाबांची खोली, दुपारी तीन ३६ अंश, संध्याकाळी सहा ३८, रात्री अकरा ३५. रात्री अकराला बाल्कनीत मात्र २८.

आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात, 'शेरा' या शीर्षकाखाली, जवळजवळ रोज एकच ओळ होती: "दुपारी पॅसेजमध्ये झोपलो."

हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या पॅसेजमध्ये. चटई टाकून. दोन उन्हाळे! शनिवार-रविवारी आम्ही घरी असतो तेव्हा हॉलचा एसी चालू असतो, बाबा तिथेच आडवे होतात, त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही.

"बाबा, सांगितलं का नाहीत?"

"अरे, एवढं कर्ज काढून घर घेतलंत तुम्ही. त्यात मी काय खोट काढू?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

वही घेऊन पुन्हा स्टुडिओत गेलो. मॅडमनी त्या आकड्यांवरून जे समजावलं ते नववीच्या भूगोलातलंच होतं, फक्त मी ते परीक्षेनंतर सोडून दिलं होतं. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, त्यामुळे सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि संध्याकाळनंतर सावकाश खाली सोडतं. रात्री अकराचे ३५ त्यामुळे. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. दक्षिणेच्या खिडकीला वर छज्जा असला की भागतं, कारण तिकडचा सूर्य उंचावरून येतो. पश्चिमेचा सूर्य चार-पाचनंतर खाली उतरून समोरून येतो, तिथे छज्जा काहीच करू शकत नाही.

"आम्ही जाड पडदे लावलेत की!" बायको म्हणाली.

"आतून लावलेत. ऊन काचेतून आत आलं, पडदा तापला, आता ती उष्णता खोलीतच राहणार. काच ऊन आत सोडते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता तशी बाहेर जाऊ देत नाही. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर."

या विषयाला सरकारी नियमसुद्धा आहेत, हे तेव्हा कळलं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. आपल्याकडच्या हवामानात भिंती-खिडक्यांमधून येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवा, असं ती सांगते. छपराचा हिशोब वेगळा. फ्लॅट घेताना मी कार्पेट एरिया, पार्किंग, क्लब हाउस सगळं विचारलं होतं. हे वॅट कोणी विचारतं का?

स्टुडिओच्या भिंतीवर एक फोटो होता. अर्धी जमिनीत गेलेली, लांबट गोल छपरांची पांढरी इमारत. अहमदाबादचं 'संगत', बाळकृष्ण दोशींचा १९८० च्या सुमाराचा स्वतःचा स्टुडिओ. छपरावर चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या तुकड्यांचं आवरण, म्हणजे ऊन परत फेकायला. छपराच्या थरांमध्ये पोकळ मातीचे तुकडे, उष्णता अडवायला. अहमदाबादच्या उन्हात! दोशी मूळचे पुण्याचे, जन्म १९२७ चा, घरात फर्निचरचा धंदा. २०१८ मध्ये प्रित्झकर मिळालेले ते पहिले भारतीय, २०२३ मध्ये गेले. मला भावलं ते हे की फर्निचरवाल्यांच्या घरातल्या या माणसाने स्वतःचा स्टुडिओ बांधताना छपराचा एवढा विचार केला. आमच्या शीटमध्ये सोफ्याला चार ओळी होत्या आणि छपराला एकही नाही.

पुण्यातही असं उदाहरण आहे. बालेवाडीचं 'इंडिया हाउस', ख्रिस्तोफर बेनिंजर (२०२४ मध्ये ते गेले) यांच्या स्टुडिओची स्वतःची वास्तू, मधोमध चौक ठेवून बांधलेली. हे बाबांना सांगितलं तर ते हसले. त्यांचं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. "चौक होता, हातभर जाडीच्या भिंती होत्या. मे महिन्यात आम्ही सगळी पोरं माजघरात लोळायचो. अंधार असायचा, पण गार." मग जरा थांबून म्हणाले, "पॅसेजमध्ये मला तसंच वाटतं रे थोडंसं."

आता काय केलं ते.

एक, बाबांच्या काचेबाहेर अरुंद बाल्कनी आहे, तिथे बांबूची चिक लावली. सातव्या मजल्यावर वारा जोरात, म्हणून खालून दोऱ्यांनी बांधली. दोन, गच्ची. ती सोसायटीची, त्यामुळे मीटिंग! चायना मोझॅकचा खर्च ऐकूनच मंडळी उठायला लागली, म्हणून ऊन परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगावर आलो. सेक्रेटरी काकांचा प्रश्न, "यावर टॅक्समध्ये सूट मिळते का?" ती सूट महापालिका सोलर, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत यांना देते, एकाला ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के. रंगाला नाही. शेवटी सातव्या मजल्यावरच्या चारही घरांनी मिळून पैसे काढले. तीन, बाबांच्या खोलीतलं फॉल्स सीलिंग रद्द, म्हणजे खोलीची उंची वाचली. पंखा बीएलडीसी, जुन्या ७५ वॅटच्या जागी ३० च्या आसपास. गडद पॅनेल गेलं, भिंती फिकट, पडदे साध्या हातमागाच्या सुती कापडाचे.

गंमत म्हणजे घरात सगळ्यात देखणी आता तीच खोली आहे. दुपारी चिकमधून उन्हाच्या बारीक रेघा पांढऱ्या भिंतीवर पडतात. पाहुणे विचारतात, हे कुठलं डिझाइन? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "ऊन अडवलं, उरलेला उजेड आत आला. वेगळं काही केलं नाही."

या वर्षीच्या एप्रिलमध्ये बाबांनी पुन्हा वही काढली. तीन वाजता ३३, रात्री अकराला ३१. जादू नाही. मेमधले काही दिवस नकोसेच होते, त्यासाठी एक छोटा एसी घेतला. पण तो दुपारचे दोन तास चालतो, २६ वर. शीटमधला दुसरा एसी घेतलाच नाही.

'शेरा' या रकान्यात आता काही नसतं. मी विचारलं, "बाबा, हल्ली शेरा नाही?"

"काय लिहू? खोलीत झोपलो, हा काय शेरा झाला?"

असो. चटई अजून पॅसेजमध्येच गुंडाळून ठेवलेली आहे, मीच उचललेली नाही. तुमच्याही घरात दुपारी तीनला कोण असतं, कुठे झोपतं, एकदा विचारून बघा. मला जायला हवं, उद्या रिलीज आहे.