आत्तींचं एकाशन



मागच्या महिन्यात मंदिरातून परत येताना दोघीतिघींनी विचारलं, "आत्तींना बाई लावली म्हणे तुम्ही?" विचारण्यात टोचणी नव्हती, निदान एकीच्या तरी नव्हती. रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

सासूबाईंना आम्ही सुना आत्ती म्हणतो. वय ८१. गेल्या वर्षी महावीर जयंतीच्या आठवड्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशीच मी ठरवून टाकलं, की आत्तींचं सगळं मी करणार. अंघोळ, कपडे, भरवणं, कूस बदलणं, रात्रीचं उठणं. बारा तपांपैकी अंतरंग तपांत वैयावृत्त्य येतं हे लहानपणी पाठशाळेत पाठ केलेलं. आता घरबसल्या ते तप आलं होतं, मग दुसऱ्या कुणाच्या हाती कशाला द्यायचं? आणि खरं सांगते, बघायला येणाऱ्या बायका "सून असावी तर अशी" म्हणायच्या, ते कानाला गोड लागायचं.

पहिले दोन महिने निभावलं. पण माझं वय ५६ आणि आत्ती माझ्याहून जड. पलंगावरून खुर्चीत घेताना एकदा माझी कंबर अशी धरली, की दोघी तशाच पलंगाच्या कडेला टेकलो. हे दुकानातून येईपर्यंत अर्धा तास तशाच बसून होतो. मी हसण्यावारी नेलं. रात्री तीनदा उठायचं, पहाटे पाच वाजता स्वयंपाकाचं पाणी गाळायचं. झोप अशी उरलीच नव्हती. एका रात्री चादर पुन्हा ओली झाली, तेव्हा मी आत्तींवर ओरडले. "आत्ताच तर बदलली ना!" एवढंच. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मी क्षमा मागितली, त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थापटलं, आणि मला वाटलं विषय संपला.

त्यानंतर आठवड्याभरातच आत्तींचं एकाशन सुरू झालं. अष्टमी-चतुर्दशीला त्या जन्मभर एकाशन करत आल्या. आता रोजच सकाळचं जेवण आणि पाणी झालं की एक बोट वर करून दाखवायच्या. चातुर्मास लागलेला, तेव्हा मला वाटलं, शरीर साथ देत नाही तरी भाव केवढा! फोनवर वन्संना मी कौतुकाने सांगितलंही. मनात आणखी एक गोष्ट होती, ती तेव्हा कुणाला सांगितली नाही. दुपारनंतर पाणी नाही म्हणजे रात्रीची चादर कोरडी. मला बरं वाटत होतं.

त्याच सुमारास त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. मी खोबरेल तेल कोमट करून चोळलं, पावडर लावली. आपल्याकडे सगळ्या हेच करतात, आणि तेच चुकीचं आहे. लाल जागा बोटाने दाबून बघायची. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर ती दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. तिथे चोळायचं नसतं, त्या जागेवरचा भार काढायचा असतो. झोपलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. मी रात्री बदलत नव्हते. उठायची शक्तीच नव्हती. दहा दिवसांत कातडी सुटली आणि रुपयाएवढी जखम झाली.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, रोजचं ड्रेसिंग तुम्ही करू नका, सिस्टर येऊ दे. मला अपमान वाटला. चार महिने केलं त्याचं हे फळ?

सिस्टर आली. तिशीतली मुलगी, बोलणं मोजकं. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करता करता तिने विचारलं, "आजींना दिवसभरात पाणी किती जातं?"

मी म्हटलं, "त्यांचं एकाशन असतं."

ती मला काही बोलली नाही. आत्तींच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, तहान लागत नाही का?" आत्ती माझ्याकडे बघत होत्या. मग त्या जड जिभेने दोन शब्द म्हणाल्या. पहिल्यांदा कळले नाहीत. सिस्टरने पुन्हा विचारलं, तेव्हा कळले.

"ती दमते."

मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

त्या संध्याकाळी आत्तींना ताप भरला, भलतंच बोलायला लागल्या. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. पाणी कमी गेलं की हा धोका वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवस पुन्हा मिरज.

तिथून परत येताना मी ह्यांना सांगितलं, रात्रीला मावशी ठेवायची आणि ड्रेसिंगला सिस्टर चालू ठेवायची. वन्सं फोनवर म्हणाल्या, "पैसे देऊन सेवा होते का गं?" मी वाद घातला नाही. म्हटलं, "तुम्ही आठ रात्री येऊन राहा, मग ठरवू." त्या आल्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनीच ब्युरोला फोन लावला.

मला स्वतःला जे पटायला वेळ लागला ते वेगळं होतं. आजारी मुनिराजांसाठी आपण वैद्य बोलावतो, आहाराच्या वेळी त्यांनी सांगितलेलं औषध देतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की संघाचं वैयावृत्त्य कमी पडलं. मग घरातल्या म्हातारीच्या बाबतीतच सुनेचे दोन हात कसे पुरायला हवेत?

मैत्रिणींनो, कुणाकुणाच्या घरी हेच चालू असेल. जखम, लघवीची पिशवी, नाकातली नळी, इंजेक्शन यांत शिकलेला हातच लागतो. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा, गिळण्याची ताकद कमी झालेली असू शकते. पण याच्याही आधी एक बघा. तुमचं माणूस तुमच्याकडे मागायचं थांबलंय का? पाणी नको, भूक नाही, दुखत नाही, सगळं छान आहे असं म्हणतंय का? आपल्या घरात तर त्यागाला मान असतो, त्यामुळे हे पटकन कळत नाही. मला नाही कळलं.

सिस्टर आणि मावशी यांत फरक आहे. सिस्टर शिकलेली असते, तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी विचारायला लाजू नका. मावशी उठवते, बसवते, पुसून घेते, रात्री कूस बदलते. ड्रेसिंग किंवा इंजेक्शन तिच्यावर सोपवू नका. एकीने मला विचारलं, "मावशी कुठल्या समाजाची?" मी ते विचारलंच नव्हतं. मी तिला म्हटलं होतं, एकटीने कूस कशी बदलतेस ते करून दाखव. तिने अर्ध्या मिनिटात दाखवलं, तेही आत्तींना न दुखवता. मग मीच तिच्याकडून शिकले.

स्वयंपाकघर माझ्याकडेच आहे. आपल्या घरचे नियम मी ब्युरोला आधीच सांगितले होते. मावशी रात्री आठला जेवून येते, सकाळचा चहा आम्ही दोघी मिळून घेतो. आत्तींना भरवते मीच, सूर्यास्ताआधी. रात्रीच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी अलीकडे आणून दिली. दुसरीची वेळ बदलता येत नाही म्हणाले, ती रात्रीच देतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीची वेळ हलवू नका, नियम कितीही जवळचा असला तरी.

जखम भरायला अडीच महिने लागले. आत्तींचं बोलणं अजून तसंच जड आहे. मी आता दुपारी त्यांच्याजवळ बसून स्वाध्याय वाचते. आधी त्या वेळेला मी धुणं पिळत असायचे.

उशाशी गाळून उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणि एक वही असते. किती पाणी गेलं ते सगळ्यांनी लिहायचं, अशी सिस्टरने सवय लावली आहे. काल दुपारी तीन वाजता आत्तींनी डावा हात तांब्याकडे केला. मी अर्धा पेला दिला. तो संपल्यावर त्यांनी एक बोट वर केलं. माझ्या पोटात धस्स झालं. पण त्या तांब्याकडेच बघत होत्या. आणखी एक हवा होता.